मामीची बरणी

भाची : मामा, आपला नमुना पास झाला. बरं, आता असं समजा की मी काही बोललेच नाही. नापास झालाय. आज हवा छान आहे.

मामा : पास झाला म्हणालीस.

भाची : मी? मी तर आत्ताच आलेय.

मामा : परफ्यूम पास झाला म्हणून तोंड पाडणारी तू पहिलीच. काय लपवतेस?

भाची : गिऱ्हाइकांना त्यातली व्हॅनिला आवडली. फारच. ह्याच महिन्यात माल हवाय.

मामा : मग दे की. फडताळात व्हॅनिलाच्या शेंगांच्या बरण्या मुरताहेत.

भाची : त्या कोवळ्या आहेत अजून. नुसता अल्कोहोलचा वास. आपण कशात पडलोय ह्याचा शेंगांना पत्ताच नाही.

मामा : मग नमुन्यात काय घातलंस?

भाची : मामा, तुमचं ब्लडप्रेशर कसंय?

मामा : मामीच्या बरणीतलं घातलंस.

भाची : चमचाभर. लहान चमचा. चमच्याची नुसती अफवा म्हणा ना.

मामा : मला त्याच दिवशी कळलं. तुझ्या बाहीला तिचा वास येत होता. मी पाठमोराच तिला म्हणालो, ‘आलीस?’

भाची : आणि मी म्हणाले, ‘हो, बस लवकर मिळाली.’

मामा : हं.

भाची : मी त्यांना कळवते, जमणार नाही म्हणून. नाहीतर कारखान्यातली नकली व्हॅनिला पावडर घालते.

मामा : घालून पाहिलीस?

भाची : पाहिली. ते म्हणाले, बिस्किटाचा पुडा फोडल्यासारखं वाटतं.

मामा : वाटणारच. पावडर आल्या आल्या गोड बोलते. खरी व्हॅनिला आधी फुगून बसते. धूर, चामडं, सुकं गवत, सगळं ऐकवते आणि मग कुठे गोड होते.

भाची : हे शेंगेचं चाललंय की मामीचं?

मामा : बरणीचं. पूर्ण लागेल?

भाची : तळापर्यंत. पण मामा, तिच्या कपड्यांचा वास कधीच उडाला. एवढीच उरलीय. तुम्ही रोज झाकण उघडून हुंगता, मी काय बघत नाही?

मामा : तेच. ती थोडं काढायची, लगेच नवी शेंग चिरून टाकायची. ती गेल्यापासून मी एक शेंग टाकली नाही. नुसतं उघडायचं आणि हुंगायचं. पातळी तुझ्या चमच्याने उतरली नाही गं. माझ्या नाकाने उतरली.

भाची : मामा...

मामा : असं हुंगून हुंगून मीच संपवेन तिला. त्यापेक्षा चार माणसांच्या मनगटावर जाऊ दे. गाळणी आण.

भाची : नक्की?

मामा : आण. आणि एक अर्ज लिहून घे.

भाची : कुणाच्या नावे?

मामा : ह्या खोलीतल्या हवेच्या.

भाची : सांगा.

मामा : ‘महोदय, सदर बरणी आज रिकामी करण्यात येत आहे. तरी फडताळाजवळ मुक्कामी असलेला वास पुढील आदेश होईपर्यंत हलवू नये, ही नम्र विनंती.’