गुरूच्या चंद्राचा कौल

दत्ताराम : आधी पाव खा गो. फोन काय पळान जाणा नाय.

शेवंती : बाबा, इतक्या सकाळी देवळात कशाला गेला होतास? काकी म्हणाली, तू माझ्या यंत्रासाठी कौल लावलास.

दत्ताराम : लावलंय. गुरवान विचारल्यान, प्रवास खंयचो? मी वर बोट केलंय. म्हणता, दत्ताराम, विमानान की काय? म्हटलंय, त्येच्याय पलीकडे, गुरूच्या चंद्राकडे. देवळातली माणसा हसली. गुरव नाय हसलो. तेणा पाकळये भिजवून देवाक चिकटवले.

शेवंती : मग कुठली पडली? उजवी की डावी? उजवी म्हणजे हो, एवढं मलाही ठाऊक आहे.

दत्ताराम : ता मगे. आधी माका सांग, थंय धोको कसलो? गुरवाक सांगूक माका जमला नाय.

शेवंती : आयो नाव त्या चंद्राचं. तिथं ज्वालामुखी सतत पेटलेले असतात. त्यांतून गंधकाचा वायू उडतो, वर जाऊन त्याचे कण फुटतात, त्यांच्यात वीज भरते. त्यालाच आम्ही प्लाझ्मा म्हणतो. गुरू म्हणजे केवढा तरी मोठा चुंबक. तो ते कण धरून आपल्याबरोबर गरगर फिरवतो. चंद्राच्या सगळ्या वाटेवर त्यांचं कडंच झालंय.

दत्ताराम : डिचोलीच्या वाटेसारखा. मी खाणीवर ट्रक हाकी तेव्हा दोनय बाजूची झाडा तांबडी. ट्रक गेलो तरी धुरळो थंयच.

शेवंती : तसंच. आणि तो धुरळा चंद्रापेक्षा जोरात धावतो. चंद्रानंच उडवलेला, मागून येऊन त्यालाच आपटतो.

दत्ताराम : माझ्या छातीत तोच बसलो हा. तुझी आवस माझो शर्ट वेगळो धुवी.

शेवंती : आमचं यान त्या कड्यात शिरलंय. तो विजेचा वारा किती जोरात वाहतो, ते त्यावरचं माझं यंत्र मोजणार. पण तोच वारा यंत्राला मारूही शकतो. माझी सगळी उमेदीची वर्षं त्यात गेली, बाबा. आई आजारी होती तेव्हाही मी तिथंच होते. आता प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर वाट बघवेना, म्हणून इथं घरी, धारगळला आले.

दत्ताराम : आवस म्हणी, चेडवाक बोलावू नकात, काम सोडून येतला. तिका वाट बघूची सवय होती. माझो ट्रक येयपर्यंत ती हयच, ह्याच पायरेर बसा.

शेवंती : घाबरायची?

दत्ताराम : खूप. पण जेवान घेई. म्हणी, वाट बघणाऱ्यान उपाशी रवू नये. म्हणान सांगतंय, पाव खा.

(फोन येतो. शेवंती बराच वेळ ऐकते, दोन-चार शब्द बोलते आणि फोन ठेवते.)

दत्ताराम : काय गो?

शेवंती : यान सुखरूप बाहेर आलं. माझं यंत्र गप्प झालं. कड्यात शिरल्यावर थोडा वेळ माहिती पाठवली, मग काहीच नाही. आता ते परत बोलणार नाही, असं प्रयोगशाळेतले म्हणाले.

दत्ताराम : थोडो वेळ तरी बोलला.

शेवंती : तेवढ्यावर काहीतरी लिहिता येईल. पण मला पलीकडपर्यंत बघायचं होतं. ते कडं संपतं तिथपर्यंत. बाबा, मला रडू येतंय.

दत्ताराम : रड मगे. हय माझ्याशिवाय कोण नाय.

शेवंती : डावी पडली होती ना? म्हणून तू सांगत नव्हतास.

दत्ताराम : गाऱ्हाणा गुरवान यंत्राचा घातल्यान. मी मनात वेगळाच विचारलंय.

शेवंती : काय?

दत्ताराम : यंत्र काय, कधीतरी मोडतलाच. मी विचारलंय, मोडला तर माझा चेडू परत उभा रवतला काय?

शेवंती : आणि?

दत्ताराम : उजवी.

शेवंती : लगेच?

दत्ताराम : नाय. पयली डावीच पडली. मी देवाक म्हटलंय, तू तिका वळखत नाय, परत बघ.