दगड हलवून बघा

नाही नाही ताई, तो मासा नका घेऊ. दिसायला छान आहे, मान्य, पण तुमच्या टाकीत आधीपासून कोण आहे म्हणालात? निळा डॅमसेल. एकटाच? म्हणजे झालंच की — तो आता मासा राहिलेला नाही, घरमालक झालाय. खाऱ्या पाण्यातले हे सगळे असेच, दिसायला देखणे आणि स्वभावानं एकेक नग — एकमेकांना पाण्यात पाहणं म्हणजे काय, ते बघायचं तर माझ्या दुकानात यावं. हसू नका, खरं सांगतोय. रंग सारखा असला की मारामारी, आकार सारखा असला की मारामारी, आणि काहीच सारखं नसलं तरी जागेवरून मारामारी आहेच. म्हणून गरीब मासा आधी सोडायचा आणि गुंड शेवटी. लोक उलटं करतात. डॅमसेल दणकट, सहसा मरत नाही, म्हणून तोच आधी. तुमचा दोष नाही हो, दुकानदारानंच गळ्यात मारला असणार. मी नव्हतो ना तो? नाही — बरं.

आता ही फायरफिश बघा, ती बिळाच्या तोंडाशी, पांढरी, शेपटीकडे लाल होत गेलेली. एकदम घाबरट जात. कोणी डोळे वटारले तरी खाणं सोडते. हिला अशीच नेऊन सोडलीत तर पहिले काही दिवस कोपऱ्यात, आणि मग एका सकाळी टाकीच्या बाहेर फरशीवर — उडी मारते हो, फार छळ झाला की. जाळीचं झाकण आहे ना? असू द्या. पण उपाय आहे, सोपा आहे. दगड हलवायचे. डॅमसेलला बादलीत काढायचं, टाकीतलंच पाणी घेऊन, आणि आतली सगळी मांडणी मोडायची — त्याचं बीळ, त्याचा कोपरा, काही म्हणजे काही जागेवर ठेवायचं नाही. मग दोघांना बरोबर सोडायचं. तो बावचळतो. आपलं घर कुठलं हेच त्याला कळत नाही, मग भांडणार कशावरून? दोघंही नवे. इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय, आणि चालतं. माशांच्या बाबतीत तरी चालतं.

नाही, काही नाही, बोलून गेलो आपला — आता तुम्ही विचारताच आहात तर सांगतो, घरचीच गोष्ट आहे. माझी पहिली बायको गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. पुढे आम्ही दोघंच. आता ती कॉलेजात, आणि मी परत लग्न केलं. आमच्या हिची आधीची एक मुलगी आहे, छोटी, इतकं हळू बोलते की दोनदा विचारावं लागतं. दोघी एका खोलीत. आणि मला दिवसरात्र एकच घोर, की माझी मोठी या छोटीला खाणार. भांडल्या होत्या का? नाही हो, भांडण कसलं, मोठी फक्त गप्प होती — पण मी जन्मभर काचेतून हेच बघत आलोय ना, असं गप्प राहून टपून बसणारे. मला वाटलं, वेळेवर काहीतरी केलेलं बरं.

मोठी कॉलेजच्या सहलीला गेली आणि मी खोली फिरवली. पलंग खिडकीपासून काढून भिंतीला लावला, टेबल उलट्या बाजूला. तिच्या आईचं शिवणयंत्र असायचं खिडकीत, त्याच्यापुढेच बसून ती अभ्यास करायची — ते माळ्यावर टाकलं. हिनं मला अडवलं, ती आल्यावर करा म्हणाली. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. कपाट सरकवलं तेव्हा मधला एक कप्पा रिकामाच होता, मला बरंच वाटलं, आयती जागा — जुनी पांघरुणं कोंबली त्यात. मोठी आली तेव्हा अंधार पडला होता. दिव्याचं बटण कपाटामागे गेलेलं, ती आपली भिंत चाचपतेय, चाचपतेय, स्वतःच्या खोलीत. मी जाऊन कपाटामागे हात घालून दिवा लावला. तिनं सगळं बघितलं. मला वाटलं आरडाओरडा करेल, त्याची तयारीही ठेवली होती मी. खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नाही तिनं, एवढंच म्हणाली, "बाबा, मी आता कुठे बसायचं?"

त्याच रात्री मावशीकडे गेली. अजून तिथेच आहे. आणि तो कप्पा — तो तिनं छोटीसाठी रिकामा केला होता. सहलीला जायच्या आदल्या दिवशी दोघींनी मिळून पुसला होता म्हणे, आतून कागदही घातला होता. परवा छोटीनं सांगितलं, त्या तिच्या हळू आवाजात, मलाच दोनदा विचारावं लागलं. आता रोज दाराशी उभी राहते आणि ताई कधी येणार म्हणून विचारते. काय सांगू मी तिला? जमलं होतं हो त्यांचं. माझ्या नाकासमोर जमलं होतं, आणि मी आपला —

काय म्हणालात? तिला विचारायचं होतं? दगड हलवताना माशाला कोणी विचारतं का हो —

नाही. चुकलं माझं. ती मासा नाही, कळतं मला तेवढं.

वाजू द्या तो फोन. हिचाच आहे. मावशी टेम्पो घेऊन आली असेल घरी, मोठीसाठी ते शिवणयंत्र न्यायला. मोठी पण आली असेल, खाली टेम्पोतच बसून असेल — आणि मी फोन उचलला की ही म्हणणार, तुम्ही या आणि तिला वर बोलवा. काय तोंडानं बोलवू? वर येऊन बसायचं कुठे, हे अजून मला सांगता येत नाही.

तुम्ही या आता, ताई. नको, पैसे ठेवा ते, आज मासा द्यायचा नाही मला. या तुम्ही. शटर ओढायचंय.