रोस्कातलं बाळ

ओफेलिया : ...आणि रुमालात काय गुंडाळलंस, पोरी?

ट्रूडी : काही नाही, बाई.

ओफेलिया : तो गोड रोस्का पाव मी भाजलाय. आवडला नाही तर सांग, मी काही रडत नाही.

ट्रूडी : आवडला. फक्त माझ्या तुकड्यात प्लॅस्टिक लागलं. भाजताना चुकून पडलं असेल. चारचौघांत तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून गुपचूप इथे सिंकपाशी आले.

ओफेलिया : दाखव. याला हात आहेत, पाय आहेत, नाक आहे. चुकून पडलेल्या प्लॅस्टिकला नाक असतं?

ट्रूडी : मी नीट बघितलं नाही.

ओफेलिया : बाहेर नेस्तोर टेबलाखाली शिरलाय. सगळी पोरं हेच शोधतायत.

ट्रूडी : मला वाटलं कुणाची अंगठी हरवली. मीही वाकून शोधलं थोडं.

ओफेलिया : हे हातात धरून?

ट्रूडी : रुमालात होतं.

ओफेलिया : बाळ येशू आहे तो. पावात आम्हीच लपवतो. ज्याच्या वाट्याला येतो, त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले, म्हणजे मक्याच्या पिठात मांस भरून पानात उकडलेले उंडे, करून घालायचे.

ट्रूडी : मग हे तुम्हीच ठेवा. मी तुमच्यातली नाही. पाटीवर लिहिलं होतं, लॅटिनो मुलांचा कार्यक्रम, सगळ्यांनी यावं. म्हणून आले, भिंतीपाशी उभी राहिले.

ओफेलिया : मेसमध्येही खिडकीपाशी एकटीच बसतेस. मीच वाढते ना तुला.

ट्रूडी : दोन तारखेला मी इथे नसेन. शुक्रवारी कॉलेजातून नाव काढतेय. बाबा ट्रक घेऊन येणार आहेत.

ओफेलिया : नापास झालीस?

ट्रूडी : नाही. पण चार महिन्यांत हजेरी सोडली तर कुणी मला नावानं हाक मारली नाही. तुम्हीसुद्धा.

ओफेलिया : ...खरं आहे. रोज ताटात बटाटे नाकारतेस, म्हणून मी तुला ‘बटाटे नको’ म्हणते. मनात.

ट्रूडी : बटाटे मला आवडतात. आमच्या घरचे.

ओफेलिया : माझ्या दिरानं एकदा बाळ गिळलं होतं, तामाले टाळायला. तीन दिवस सासूबाई त्याच्या मागे. दरवर्षी कुणीतरी लपवतंच. तू काही पहिली नाहीस.

नेस्तोर : ओफेलियाबाई, रोस्का संपला. यंदा बाळ घालायलाच विसरलात की काय?

ओफेलिया : हिला विचार.

नेस्तोर : तुला? नाव काय तुझं?

ट्रूडी : ट्रूडी.

(ती मूठ उघडते.)

नेस्तोर : मिळालं रे, ट्रूडीकडे आहे! ट्रूडी, चाळीस जण आहोत आम्ही. बेनिता मांस खात नाही, तिचे वेगळे.

ट्रूडी : अरे, पण मी... गेला तो.

ओफेलिया : ऐक, काय ओरडतायत.

ट्रूडी : माझं नाव.

ओफेलिया : मक्याची पानं आदल्या दिवशी भिजवायची. एक तारखेला चारला ये. नाही आलीस तर मी एकटी करीन. बोटं दुखतात माझी, पण करीन.

ट्रूडी : मला तामाले येत नाहीत.

ओफेलिया : नेस्तोरला तरी कुठे येतात?

ट्रूडी : ...फोन करू का इथून?

ओफेलिया : कर. पातेली मी नंतर घासते.

ट्रूडी : बाबा? हो, जेवले. ट्रकचं... शुक्रवारी नको. दोन तारखेला मला चाळीस लोकांना जेवायला घालायचंय. नाही, मी नाही ओळखत त्यांना. ते ओळखतात मला.