वांग्यातली जळमटं

कीटकनाशकांच्या दुकानातली रांग हलायचं नाव घेत नव्हती. गुलाबांसाठी औषध न्यायला आलेल्या शिवणवाल्या मावशींचे कान मग पुढच्या सासूसुनांकडे लागले.

“वांग्यांवर एवढी पांढरी माशी कधी नव्हती गं.”

“शेतात एवढी झाडलोटही कधी नव्हती, आई.”

“पाहुणे शेत बघायला येणार होते. झाडाझाडाला जळमटं! लोक काय म्हणाले असते?”

“म्हणून वांग्यांवर झाडू फिरवायचा? माशी त्या जाळ्यांतच तर अडकायची.”

“कोळी कामाला होते, हे मला काय ठाऊक?”

“आता फवारलं तर उरलेलेही मरतील.”

“आणि नाही फवारलं तर वांगी जातील. माझ्यामुळे.”

“थोडे दिवस थांबू. पुन्हा विणतील ते जाळी. नाहीच आटोक्यात आलं तर येऊ परत.”

“माळ्यावर आहेत चार-पाच. ते नेऊन सोडू?”

“तुमच्या घरात कोळी?”

“गुडघे धरलेत. तिथवर चढवत नाही आता.”

“सांगायचं नाही का, आई? आणि घरातले शेतात रमायचे नाहीत. मी झाडते माळा.”

“नको. राहू देत बिचारे.”

“बोला आजी, कुठलं औषध देऊ?” दुकानदारानं विचारलं.

सुनेकडे पाहून सासूबाई म्हणाल्या,

“काही नको. आमचे आहेत कामाला.”