तोफवाल्या काकांचा पुकारा

...आणि वर मलाच सांगतात, मॅडम, आवाज चढवू नका. मी आवाज चढवू नको? तुम्हाला सांगते, त्या कॉरिडॉरमध्ये माझ्या जागी दुसरं कुणी असतं ना, तर त्यानं आवाज नाही, खुर्ची उचलली असती. पण मी गप्प. कारण आमच्या सरांचा नियम आहे, वकिलानं आवाज चढवायचा नाही. मुद्दा मांडायचा आणि थांबायचं. ऐकायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं, फेलोशिप मिळाली तेव्हा.

फेलोशिप म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या मावशीला अजून वाटतंय की मी फौजेत भरती झालेय. तर आमच्या लॉ कॉलेजात एक फेलोशिप असते, सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या कायद्याची. डिग्री झाली की कॉलेजच्या मागच्या अंगाला एक खोली देतात, तिथं बसायचं, आणि फौजेतून परत आलेल्या माणसांची भांडणं फुकटात भांडायची. खोलीत एक पंखा, तो चालू केला की कागद उडतात आणि बंद केला की माणसं. अशा त्या खोलीत एक दिवस तोफवाले काका आले. आले म्हणजे, मी तीनदा 'या, बसा' म्हटलं तरी दारातच उभे, आणि मग काकूंनी मागून ढकललं तेव्हा आले.

काकांनी अख्खी नोकरी तोफखान्यात काढली. कानाशी तोफ, वर्षानुवर्षं. तोफ काय कुजबुजते का? दोन्ही कान गेले. बरं, गेले तर गेले, त्याची काकांची तक्रारच नव्हती. तक्रार होती एका वाक्याची. निवृत्त करताना त्यांच्या कागदावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'कानांचा दोष जन्मजात, भरतीच्या वेळी लपवला.' लपवला. म्हणजे हा माणूस खोटं बोलून फौजेत घुसला. त्यामुळे फौजेच्या दवाखान्यात कानाचं यंत्र मिळेना, ते वेगळंच, पण काका म्हणाले, "यंत्राचं राहू दे पोरी. तेवढा तो शब्द काढ." आणि हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या वर्गातलं लेक्चर थांबलं. त्यांना वाटत होतं, आपण हळू बोलतोय.

मी म्हटलं, सोपं आहे. मूर्ख मी.

मी तक्रार दाखल केली, आणि फौजेच्या अशा तक्रारी ऐकणाऱ्या बोर्डापुढे तारीख लागली. काकूंचा गुडघा धरला होता म्हणून काका एकटेच आले. मी त्यांना बोर्डाच्या दारासमोरच्या बाकावर बसवलं, अगदी समोर, दार उघडलं तर गुडघ्याला लागेल इतकं समोर. तेवढ्यात कारकून म्हणतो, "तुमच्या वकीलपत्रावर वरच्या मजल्याचा शिक्का नाही, आणा, नाहीतर उभं राहता येणार नाही." मी काकांना हातानं खूण केली, बसा, आलेच. वर गेले. शिक्कावाले चहाला गेलेले. चहाला म्हणजे बागेत चहा पिकवायला गेले असावेत... असो, मी आवाज चढवला नाही. शिक्का घेऊन खाली आले, तर काका बाकावर तसेच, हात गुडघ्यावर, माझ्याकडे बघून हसतायत. आणि दारावरचा शिपाई म्हणतो, "तुमचं झालं. गैरहजर. प्रकरण निकाली."

गैरहजर? अहो, हे काय बसलेत.

"मी तीनदा पुकारा केला," शिपाई म्हणाला. "कुणी उठलं नाही."

त्यांना ऐकू येत नाही हो.

"माझं काम ओरडायचं, मॅडम. ऐकायचं काम त्यांचं."

आता मला सांगा, बहिरेपणाच्या केसमध्ये बहिऱ्या माणसाला हाक मारून बोलावता, आणि ऐकू आलं नाही म्हणून त्याला गैरहजर धरता? मी तशीच आत घुसले. आत तिघं. मधे अध्यक्ष, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त फौजी साहेब, पांढऱ्या मिशांचे, अवाक्षर न बोलणारे. मी म्हटलं, माझे पक्षकार बहिरे आहेत, पुकारा ऐकणार कसे? तर अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणतात, "ते बहिरे आहेत हे तुम्ही गृहीत धरताय. वाद तर कानांचाच आहे."

इथं, इथं मी आवाज चढवला. काय बोलले आठवत नाही. "मॅडम, आवाज चढवू नका," हे मात्र आठवतं, कारण ते तिघांपैकी दोघांनी म्हटलं.

सरांना येऊन सांगितलं, तर सर खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "वा. यावर एक सुंदर लेख होईल." लेख? काका घरी जाऊन काकूंना काय सांगणार, माझ्यावर लेख येतोय? मी अर्ज केला, प्रकरण पुन्हा सुरू करा म्हणून. हेलपाटे किती घातले ते विचारू नका. शेवटी पुन्हा तारीख मिळाली. ह्या वेळी काकू आल्या, काठी टेकत, आणि मी शिक्क्याबिक्क्याचं आदल्या दिवशीच उरकून काकांचा दंड धरून बसले.

आत गेलो. डॉक्टर कागदात तोंड घालून पुटपुटतात, "मोठ्या आवाजात गाणी ऐकायची सवय होती का?" गाणी! तोफखान्यातल्या माणसाला! काका मख्ख. तेव्हा काकूंनी हात वर केला, मनगट फिरवलं, दोन बोटं दाखवली, आणि काका म्हणाले, "नाही साहेब, गाण्याची आवड हिला आहे."

अध्यक्ष भडकले. "साक्षीदाराला खुणा करायच्या नाहीत."

"खुणा माझ्या नाहीत साहेब," काकू म्हणाल्या, "यांच्याच आहेत. तोफेपाशी कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, हातानंच बोलतात. मी लग्न होऊन आले तेव्हा हे फौजेतच होते, आणि कान असे तिखट, की मी जावेशी आतल्या खोलीत कुजबुजले तरी बाहेरून उत्तर यायचं. चुगलीची सोय नव्हती घरात. मग दर सुट्टीला आले की थोडं कमी ऐकू यायचं, पुढच्या सुट्टीला आणखी कमी. शेवटी मीच यांच्याकडून खुणा शिकून घेतल्या. ओरडून ओरडून शेजाऱ्यांना वाटायला लागलं होतं, आमचं रोज भांडण होतं."

मग ते मिशीवाले साहेब, आजवर तोंड न उघडलेले, त्यांनी टेबलावरून नुसता तळहात उचलला, आडवा, तोफेपाशीचीच खूण असावी. आणि काका ताडकन उठून उभे राहिले. ताठ. साहेबांनी हात खाली केला, काका बसले.

मग साहेब डॉक्टरांकडे वळले. "भरतीच्या वेळी यांचे कान कुणी तपासले होते?"

"फौजेच्याच डॉक्टरांनी."

"मग दोष दिसला नाही?"

"यांनी... लपवला असेल."

"कान लपवायचे कुठं असतात, डॉक्टर?"

तुम्हाला सांगते, दोन वर्षं मी कायद्याची जाडजूड पुस्तकं उशाला घेऊन झोपतेय, आणि केस सुटली ती ह्या वाक्यावर. 'लपवला' हा शब्द काढा, दोष नोकरीमुळे झाला असं नोंदवा, असा हुकूम झाला. बाहेर आल्यावर मी काकांच्या कानाशी तोंड नेऊन, मजला हादरेल अशी ओरडले, "काका, तो शब्द काढला." शिपाई धावत आला, मॅडम, आवाज... मी त्याच्याकडे बघितलं. तो गेला.

काका बाकावर बसले. बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मग त्यांच्या मते अगदी हळू, म्हणजे सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं, काकूंना म्हणाले, "मी खोटं बोललो नव्हतो गं." काकूंनी खूण केली नाही. नुसता हात धरला.

मला रडू येत होतं, राग येत होता, कुणाला तरी सांगायचं होतं. आईला फोन लावला. आई, केस जिंकले.

"अगं बाई. मग आता ऐकू येणार का त्यांना?"

नाही गं, कान गेले ते गेलेच. यंत्रानं थोडंफार.

"मग जिंकलीस काय?"

ते तोफेमुळे बहिरे झाले, हे आता सरकारनं मान्य केलं.

आई म्हणाली, "बरं. जेवून घे."