परसातली भांडकुदळ

माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला न्हाय. रोज दुपारी आमच्या परसात कोणतरी बाई भांडतीया म्हणून सांगितलं, तर गल्ली हसली. "आक्का, तुझ्यापरास भांडकुदळ हाय कोण हितं?"

आमच्याकडं गडी भांडला की खमक्या, बाई भांडली की कजाग. त्यात लेकीला बघायला निपाणीचे पाहुणे यायचे होते. आई बघून लेक करतात, म्हणजे माझं नाव खराब झालं की तिचं लगीन मोडलं.

पाहुणे आले. मी चहा घेऊन त्यांच्याम्होरं उभी, आणि परसातनं माझाच आवाज आला, "माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवून तर बघ!"

मुलाची आजी थबकली. "बाई, तू हितं हाईस. मग ती कोण?"

मी दार उघडलं. परसात चिटपाखरू न्हाय. धुण्याच्या दगडापासनं उंबऱ्यापर्यंत ओली पावलं, परत गेलेली एकबी न्हाय.

आवाज ऐकून आलेली शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरी, ह्यो आवाज तुझा न्हवं. मेलेल्या सासूचा हाय. तिच्यासंगं भांडून भांडून तू तिच्यावानी बोलाय लागलीस."

आजीनं विचारलं, "मग ह्या घरातली भांडकुदळ कोण?"

म्हातारीनं आवाज खाली केला. "गंगव्वा, हिची सासू. हळू बोला, पावलं आत आल्यात."