थंड तंबूत न गेलेली झरीन

आदरणीय अध्यक्ष दत्तप्रसादभाऊ, प्रमुख पाहुण्या सुचित्राताई, आपल्या आखातातल्या मराठी मंडळाचे सगळे पदाधिकारी, समोर बसलेल्या बायाबापड्यांनो आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलांनो, सगळ्यांना माझा सलाम आणि नमस्कार. मी जमिला, झरीनची नानी. शाळा चौथीत सुटली, पण तोंड काही सुटायचं थांबलं नाही.

उद्या माझी नात नव्या सिनेमासाठी अम्मानला चालली. माशाअल्लाह! शाल तिला, आणि ऊब मला वाटतेय. पण मी माईक मागून घेतला तो वेगळ्या कामासाठी. तिच्या मागच्या शूटिंगची बातमी तुम्ही सगळ्यांनी फोनवर वाचलीत. खरं काय झालं, ते कुणी छापलं का? नाही ना? मग मी सांगते.

शूटिंग इथलंच, सुलैबिया भागातल्या एका गोदामात. उन्हाळा असा, की चप्पल चिकटावी. जेवायला दोन तंबू. एकात एसी, दुसऱ्यात नुसता पंखा. झरीनचं काम नर्सचं, चांगले डायलॉगवालं. पण दारावरच्या माणसाने तिचा रंग बघितला आणि म्हणाला, "वर्कर लोक तिकडे." ही मुकाट्याने तिकडे गेली. तिथे आपला सुदेश होता. सुतारकाम करतो, सुट्टीच्या दिवशी सिनेमाच्या गर्दीत उभा राहतो. तो बघा, खाली मान घालून हसतोय!

थोड्या वेळाने शूटिंगवाल्यांचा एक पोरगा धावत आला. "सॉरी मॅडम, तुम्ही आत चला."

"आणि हे सगळे?"

"ते एक्स्ट्रा आहेत."

"आत तो गोरा जेवतोय, तोही एक्स्ट्राच आहे. तो कसा आत?"

मग झरीन तिथेच पंख्याखाली जेवली आणि वेळेवर शॉटला उभी राहिली. एवढंच झालं. आणि दुसऱ्या दिवशी बातमी काय? 'जेवणावरून नखरे, हिरॉईनने शूटिंग बंद पाडलं!'

लगेच तिकडे अहमदीत राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या गोदूबाईंचा फोन. "जमिलाबी, नात जेवणावरून भांडली म्हणे?"

म्हटलं, "गोदूबाई, माझ्या घरी ती शिळी भाकरी नि सुका जवळा खाते. ती जेवणावरून भांडेल?"

हसू नका, त्या बातमीपायी पोरीच्या हातची एक जाहिरात गेली. मी चिडले की म्हणायची, "नानी, लीव्ह इट." कसं सोडू? नाव तिचं होतं ना! अम्मानच्या सिनेमाच्या दिग्दर्शक बाईंनी मात्र बातमी नाही, काम बघून बोलावलं.

आता एक लहानशी गोष्ट. मघाशी येताना बघितलं, पडद्यामागच्या खोलीत व्यासपीठावरच्या मंडळींसाठी टेबल मांडलंय, काचेच्या ताटल्या, वर एसी. बाकीच्यांची रांग बाहेर पटांगणात. दरवर्षीची रीत आहे, ठाऊक आहे मला. पण दत्तप्रसादभाऊ, आज जिचा सत्कार, ती कुठे बसणार असं वाटतं तुम्हाला? मी तिला विचारलेलं नाही. विचारायची गरजच नाही.

अध्यक्षांनी होकाराची मान हलवली! बघा, सगळ्यांनी बघितली. सुदेश, ऊठ बाबा, ते टेबल दारातून आडवं काढायचं की उभं, ते तूच सांग. इथे हॉलमध्येच आणा, सगळेच इथे बसू.

ज्यांनी भात शिजवला, खुर्च्या लावल्या, माझ्या पोरीला आपली म्हटलं, त्या सगळ्यांची मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, जेवायच्या आधीच घाला. चला, भात निवतोय.